दिवसा तारे मोजणारे मामंजी

अख्ख्या हिंगोलीत आमच्या मामंजींइतकं ताऱ्यांबद्दल कुणालाच कळत नव्हतं, आणि ताऱ्यांकडे त्यांच्याइतकं कमी कुणी बघतही नव्हतं. दिवेलागणीच्या आत त्यांचं जेवण झालेलं असे. सासूबाई तुळशीपाशी दिवा लावून आत येईपर्यंत ओसरीवरच्या बाजेवरून घोरणं ऐकू येऊ लागे. आकाशाचं ज्ञान असलेला माणूस म्हणजे रात्र रात्र जागत असणार, अशी माझी लग्नाच्या वेळची समजूत होती. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती गेली. कुणी हटकलंच तर मामंजी सांगत, "तारा बघायला जागायचं कशाला? त्यातला एक दिवसभर डोक्यावर असतो की. बाकीचे त्याच्याच जातीचे, फक्त लांब राहतात."

ते ह्यांचे मामा, म्हणजे नात्याने माझे मामेसासरे. बायको फार लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, म्हणून नोकरी सुटल्यावर थोरल्या बहिणीकडे, माझ्या सासूबाईंकडे येऊन राहिले होते. नोकरी हैदराबादला वेधशाळेत. तिथली दुर्बीण रात्री आकाशाचे फोटो काढी, ते काचेवर उमटत, आणि दुसऱ्या दिवशी मामंजी आणि त्यांच्यासारखे कारकून त्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली धरून एकेका ताऱ्याची जागा मोजून लिहीत. काचेवर बारीक चौकोनांची जाळी असे. कुठल्या चौकोनात, डावीकडून किती, खालून किती, ठिपका केवढा. दहा ते पाच. काचेवर सगळं उलटं उमटतं, आकाश पांढरं आणि तारा काळा. बारा वर्षं मामंजींनी असे काळे तारे मोजले. "तारा काळा असतो, असंच मला वाटायला लागलं होतं," ते म्हणत, "आणि मग एकदा वर बघितलं तर सगळेच चुकीच्या रंगाचे."

त्या कामात उजवा डोळा अधू झाला, पण सवय राहिली. काहीही नीट बघायचं असलं की मामंजी डावा डोळा मिटून, उजवा त्या वस्तूच्या अगदी जवळ नेत. बाजारात वांगी अशीच बघत. भाजीवाल्या बाया आधी हसत, मग चिडत. आमच्या लग्नाआधी मला बघायला आले होते तेव्हाही त्यांनी एक डोळा मिटून माझ्याकडे बघितलं होतं, आणि माझ्या आईने आत येऊन विचारलं होतं की हे गृहस्थ डोळा का मारतात. अधू डोळ्यानेच का बघता, असं मी पुढे धीर करून विचारलं तेव्हा म्हणाले, "मोजायचं शिकलेला तोच आहे. डावा नुसता बघतो."

गावात मात्र निराळाच घोटाळा होता. मामा हैदराबादेत तारे मोजत होते, हे लोकांना कळलं होतं, पण तारे म्हणजे पोस्टातल्या तारा असाच सगळ्यांनी अर्थ घेतला होता. मोठ्या कचेरीत बसून राज्यभरच्या तारा मोजणारा माणूस. त्यामुळे कुणाकडे तार आली की ती घेऊन तो आमच्या ओसरीवर. मामंजींनी पहिली काही वर्षं खुलासा करून पाहिला, मग सोडून दिलं आणि वाचून द्यायला लागले. लढाईच्या दिवसांत सेनगावकडचा एक शेतकरी आला होता. मुलगा फौजेत. तारेचा कागद त्याने पागोट्यात ठेवला होता आणि वाटेत कुणालाही वाचू दिला नव्हता.

"मामा, तुमी खात्यातले. जरा बराबर वाचा."

मामंजींनी एक डोळा मिटून तार वाचली. मुलगा पुण्याच्या दवाखान्यात होता, दुखापत पायाला होती, जिवाला धोका नव्हता. शेतकऱ्याने ती तीनदा वाचून घेतली. मग विचारलं, "हे कवाचं हाय?"

"परवा केलेली आहे."

"म्हंजी परवाचं खरं. आज कसं हाय पोरगं?"

मी दाराआड उभी होते. मला वाटलं, मामंजी आता काही तरी धीराचं बोलतील. ते उठले, टोपी घातली आणि त्या माणसाला घेऊन पोस्टात गेले, उलट तार करायला. परत आल्यावर दाराच्या दिशेने म्हणाले, "सूनबाई, सूर्याचा उजेड इथं पोचायला आठ मिनिटं लागतात. काही ताऱ्यांचा शेकडो वर्षं. आपण बघतो ते सगळं मागचं असतं. हे मी बारा वर्षं कागदावर लिहिलं. त्या माणसाला लगेच कळलं."

आमचं बोलणं हे असं, दारातून. ते ओसरीवर, मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड पदर घेऊन. मामेसासऱ्यांपुढे बसून बोलायची रीत नव्हती, आणि मामंजींना तर ऐकणारं माणूस लागे. घरातल्या बाकीच्यांनी ते काम कधीच सोडून दिलेलं होतं. ह्यांना कचेरीचं काम. सासूबाईंना भावाचं कौतुक होतं, पण ताऱ्यांचा विषय निघाला की त्या जप सुरू करत, तोही मोठ्याने.

रात्री बघायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. संध्याकाळी वाळत घातलेले कपडे आत आणायला मी अंगणात जाई, तेव्हा वर बघून ठेवायचं आणि सकाळी सांगायचं. रोहिणी कुठल्या रंगाची, व्याध कुठल्या रंगाचा. मी सांगितलं, रोहिणी तांबडी दिसली, व्याध निळसर पांढरा. "मग जास्त तापलेला कोणता?" मी म्हटलं, तांबडा. विस्तव तांबडाच असतो. दुपारी सासूबाईंची सांडशी सांधायला लोहाराकडे न्यायची होती, तर मामंजी म्हणाले, सूनबाईलाच पाठवा. लोहाराने लोखंड भट्टीत घातलं. आधी काळपट तांबडं झालं, मग नारिंगी, मग पिवळं, आणि भाता जोरात चालवल्यावर पांढरं. ते बाहेर काढून तो म्हणाला, "आता दूर सरका बाई, हे लई तापलं." घरी येऊन मी दाराआडून सांगितलं की व्याध जास्त तापलेला आहे. मामंजी नुसतं "हं" म्हणाले. त्या दिवशी त्यांनी आमटी दोनदा मागून घेतली.

पण त्यांचा खरा नाद तो नव्हता. तारे तापलेले आहेत, हे त्यांना माहीत होतं. ते वायूचे प्रचंड गोळे आहेत, स्वतःच्याच वजनाने आत दाबले जातात आणि आतल्या उष्णतेने बाहेर ढकलले जातात, आणि या ओढाताणीत करोडो वर्षं तसेच राहतात, हेही वेधशाळेत साहेब लोकांच्या बोलण्यातून कानावर पडलं होतं. प्रश्न होता तो जळतंय काय, हा. एवढी उष्णता येते कुठून?

त्यामुळे कुठे जाळ दिसला की मामंजी थांबत. लग्नाच्या मांडवामागे आचाऱ्याजवळ, चुन्याच्या भट्टीपाशी, रेल्वेच्या इंजिनाजवळ. आणि सगळ्यांत जास्त हळद शिजवायच्या दिवसांत. आमच्याकडे तेव्हा शेताशेतावर मोठाल्या कढया चढतात, खाली दिवसभर लाकूड चालू असतं आणि वाऱ्याला हळदीचा वास असतो. मामंजी जाळापाशी उकिडवे बसून विचारत, एका कढईला किती लाकूड लागलं आणि किती वेळ जाळ टिकला. एकदा आमच्या ओळखीच्याच एका शेतकऱ्याने विचारलं, "काहून पुसून राहिले मामा? हळद करता काय यंदा?"

"न्हाई बा. सूर्याचं गणित करून राहिलो."

"त्याला कोन लाकूड लावतंय?"

"तेच पाहून राहिलो."

घरी येऊन ते पाटीवर गणित मांडत. सगळा सूर्य दगडी कोळशाचा धरला तरी पाच-सहा हजार वर्षांत राख. सूर्य हळूहळू आकसतो आणि त्यामुळे तापतो असं धरलं, तर दोन-तीन कोटी वर्षं. पण पृथ्वीवरचे दगडच त्याहून किती तरी जुने निघालेत. म्हणजे हेही नाही. सासूबाई जपातून थांबून म्हणत, "देवाचा आहे तो. तुला काहून तकलीफ?" मामंजी पाटी पुसत आणि बाजेवर आडवे होत.

असं ते चालू राहिलं असतं. पण मग ते गडबडीचं वर्ष आलं. देश स्वतंत्र झाला होता आणि आम्ही निजामाच्या राज्यातच होतो. रोज काही तरी कानावर येई, अमुक गावी घरं जाळली, तमुक ठिकाणी माणसं पळाली. हिंगोलीतली पुष्कळ कुटुंबं बायका-मुलांना हद्दीपलीकडे वाशीमला पाठवायला लागली. माझं तर माहेरच वाशीमचं. ह्यांना नोकरी सोडून निघता येत नव्हतं, सासूबाई देवघर सोडून हलायला तयार नव्हत्या. तेव्हा असं ठरलं की मला आणि माझ्या दोन वर्षांच्या लेकीला मामंजींनी पोचवावं.

वैशाखातला दिवस. पहाटे गाडी जुंपली, आणि कनेरगावच्या नाक्यावर आलो तेव्हा सूर्य अगदी डोक्यावर होता. हद्द ओलांडायची ती तिथेच. एक पत्र्याची छपरी, पोती तोलायचा मोठा काटा, दोन बंदूकवाले शिपाई आणि टेबलाशी एक कारकून. पन्नाशीचा, दाढी पिकलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. शिपायांनी आमचं गाठोडं उचकलं. लेकीचे कपडे, पापडाचा डबा, माझी दोन लुगडी, आणि खाली मामंजींची वही.

ती वही मी ओळखत होते. लाल कापडी बांधणीची, जाडजूड. वेधशाळेत मोजलेल्या प्रत्येक काचेवरचा पहिला तारा मामंजींनी स्वतःसाठी त्यात उतरवून घेतला होता. बारा वर्षांची वही. आत अक्षर नव्हतं, नुसते आकडे. पानामागून पान.

शिपायाने ती टेबलावर टाकली. कारकुनाने चाळली आणि त्याचा चेहरा बदलला.

"ये नंबरां कायके हैं?"

"आसमान के तारों के," मामंजी म्हणाले.

शिपाई हसले. कारकून हसला नाही. त्या दिवसांत आकड्यांनी भरलेला कागद सापडणं म्हणजे काय, हे मलाही कळत होतं. कुणाला तरी पाठवायचा गुप्त मजकूर असणार, असंच कुणालाही वाटलं असतं. लेक उन्हाने रडत होती. पुढचं सगळं उर्दूत झालं. मला समजलं तेवढं आपल्या भाषेत सांगते.

कारकुनाने मध्येच एका पानावर बोट ठेवून विचारलं, हा कोणता? मामंजींनी डावा डोळा मिटला, उजवा डोळा पानाला लावला आणि सांगितलं, अमुक काच, तमुक चौकोन, ठिपका बारीक. दुसऱ्या पानावर तसंच. तिसऱ्याही. बोलताना ते विसरलेच की आपण कुठे आहोत. तारे म्हणजे सूर्यच, हे सांगून झालं, लोहाराची भट्टी सांगून झाली, कोळशाचं गणित सांगून झालं. बाहेर उन्हात बोट करून ते म्हणाले, हाही एक ताराच, लाकूड नाही, कोळसा नाही, आणि तरी असा तापतोय.

कारकुनाने उन्हाकडे बघितलं. मग विचारलं, "तो फिर जलता क्या है?"

"मालूम नहीं."

"बारा साल गिने, और मालूम नहीं?"

"गिनना अलग है, साहब."

कारकुनाने वही मिटली. मला वाटतं, त्या उत्तरानेच त्याची खात्री पटली. खोटं बोलणाऱ्याने तिथे काही तरी उत्तर दिलंच असतं. पण शिपाई बघत होते. तो हळू आवाजात म्हणाला, तुम्ही जा, मला हरकत नाही. पण आकड्यांचा कागद वर पाठवायचा हुकूम आहे. वही हवी असेल तर वरून जबाब येईपर्यंत इथे थांबावं लागेल. चार दिवस, आठ दिवस, सांगता येत नाही.

मामंजी वहीकडे बघत राहिले. त्यांना नाही म्हणायचं होतं, हे मला दिसत होतं. गाडीत लेक रडून रडून आता नुसती हुंदके देत होती. त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं, दोन्ही डोळ्यांनी, आणि वही टेबलावर पुढे सरकवली. "ठेवा," ते म्हणाले. "तारे जागच्या जागी आहेत."

कारकुनाने ती शिपायाकडे दिली नाही. स्वतः उठून मागच्या लाकडी कपाटात ठेवली. मग आपल्या सुरईतलं पाणी पेल्यात ओतून गाडीपाशी आला आणि लेकीच्या तोंडाला लावलं. मी पदर पुढे ओढून खाली बघत होते, त्यामुळे मला त्याचे हातच दिसले. शाईने माखलेले, मामंजींसारखेच. गाडी हलली तेव्हा त्याने मागून हाक दिली, "मालूम हुआ तो बताना, जनाब."

"जरूर," मामंजी म्हणाले.

वाशीमला माझ्या माहेरी मामंजी पाहुण्यासारखे राहिले आणि फार गप्प झाले. जाळापाशीसुद्धा थांबेनात. माझ्या वडिलांचे एक स्नेही हायस्कूलमध्ये शास्त्र शिकवत. त्यांनी एक दिवस मामंजींची हकिगत ऐकली आणि शाळेतलं एक इंग्रजी पुस्तक आणून दिलं. मामंजींनी ते चार दिवस, एक डोळा मिटून, वाचलं. पाचव्या दिवशी सकाळी मी लोणी कढवत होते, तर ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांच्या हयातीत ते उंबऱ्याच्या इतके जवळ कधी आले नव्हते.

"सूनबाई, लोण्याचं तूप किती होतं?"

"कमी भरतं. पाणी उडून जातं, बेरी उरते."

"आणि समजा काही उडालं नाही, काही उरलं नाही, आणि तरी कमी भरलं तर?"

मी म्हटलं, असं कसं होईल? वजन जाईल कुठे?

मग त्यांनी सांगितलं. सूर्याचा बहुतेक भाग हायड्रोजन, सगळ्यांत हलका वायू. पोटात इतका दाब आणि इतकी उष्णता की त्याचे कण एकमेकांवर आदळून जोडले जातात. असे चार जोडले की एक हेलियमचा कण तयार होतो. पण चारांचं वजन आणि त्या एकाचं वजन सारखं भरत नाही. हजार शेर हायड्रोजन गेला तर हेलियम होतो नऊशे त्र्याण्णव शेर. सात शेर कुठेच सापडत नाहीत. राख नाही, धूर नाही. "हे जळणंच नव्हे," ते म्हणाले. "मी उगाच लाकडं मोजत बसलो."

मी कढईखालचा जाळ कमी केला. विचार करून म्हटलं, "म्हणजे त्या सात शेरांचंच ऊन होतं?"

मी पदराआडून बघितलं तर मामंजी डोळे पुसत होते, पण उजवा डोळा तसाही नेहमी पाणावलेलाच असे. थोड्या वेळाने म्हणाले, "हो. त्याचंच ऊन. आणि सगळ्या ताऱ्यांचं तसंच."

मी विचारलं, अजून किती दिवस पुरेल. म्हणाले, अब्जावधी वर्षं, तुझ्या लेकीला काळजी नाही. तूप तेवढ्यात थोडं करपलं.

पावसाळा सरला तोवर निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही परत निघालो. मामंजींनी हायड्रोजनचं ते सगळं उर्दूत, स्वच्छ अक्षरात, चार पानांवर लिहून घेतलं होतं. मी म्हटलं, वहीसुद्धा मिळेल आता. ते म्हणाले, "वहीचं बघू. त्या साहेबांना सांगायचंय."

नाक्यावर कुणी नव्हतं. छपरीचे दोन पत्रे गेले होते. काट्याची दांडी तशीच लोंबत होती, पारडी कुणी तरी नेली होती. आत कपाट उघडं, रिकामं, आणि त्याला एक वासरू बांधलेलं. रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला मामंजींनी विचारलं.

"गेले साहेब," तो म्हणाला. "मिलिटरी यायच्या आधीच, लेकरंबाळं घेऊन. लई भ्याले होते बिचारे."

"कुठं गेले?"

"ते कोनाला ठाव? मानूस चांगला होता."

वहीचं काय झालं, हे मामंजींनी विचारलंच नाही. त्या गृहस्थांचं नाव विचारलं. चहावाल्याला तेही माहीत नव्हतं, सगळे नुसतं साहेबच म्हणायचे. मामंजी थोडा वेळ छपरीच्या सावलीत उभे राहिले, मग येऊन गाडीत बसले. हिंगोलीपर्यंत लेक त्यांच्या मांडीवर झोपली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती चार पानं पाकिटात घातली. वर पत्ता लिहिला, कनेरगाव नाक्यावर पूर्वी असलेले कारकून साहेब, दोऱ्याचा चष्मा, मुक्काम हैदराबाद. सासूबाई म्हणाल्या, "असं कुठं पोचत असतं का रे?" तरी ते स्वतः जाऊन टाकून आले.

त्यानंतर मामंजी दोन वर्षं होते. पोस्टमन दारावरून गेला की मान वर करून बघत. ते पाकीट काही परत आलं नाही. "परत आलं नाही त्या अर्थी पोचलं," असं ते म्हणत आणि दिवेलागणीला झोपून जात.